वळणाऱ्या चेंडूआधीची शिट्टी

१

त्या शुक्रवारी बफेलो शहराला जाग आली ती शिट्टीने.

रेडिओवर, फोनवर, न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर, जिथे बघावं तिथे तीच क्लिप चालू होती. बफेलो पायलट्स या बेसबॉल क्लबचा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत क्षेत्ररक्षण करणारा, राउलिन पेगेरो बॅट उगारून उभा आहे. त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर मांड्यांच्या आडोशाने बोटं दाखवून आपल्या पिचरला सांगतोय, कुठला चेंडू टाक. तेवढ्यात कुठूनतरी बारीक, धारदार शिट्टी येते. पाठोपाठ येतो तो संथ, वळणारा चेंडू, आणि राउलिन तो थेट प्रेक्षकांत भिरकावतो. मग दुसरी मॅच. पुन्हा शिट्टी, पुन्हा वळणारा चेंडू. मग तिसरी. वेगवान चेंडू येणार असला की मात्र शिट्टीचं नाव नाही.

तेव्हा या खुणा अजून बोटांनीच व्हायच्या आणि त्या चोरायचे प्रकारही तितकेच जुने होते. मैदानात उभं राहून डोळ्यांनी चोरली तर ती हुशारी. कॅमेरा लावून चोरली आणि शिट्टी मारून फलंदाजाला कळवली, तर ती लबाडी. तिला निलंबनाची शिक्षा होती.

आणि हे निघालं कधी, तर डिसेंबरात. हंगाम संपलेला, मैदानावर बर्फ, आणि राउलिनचा करार संपलेला. त्याला दहा वर्षांसाठी ठेवायचं की जाऊ द्यायचं यावर गावात आधीच दोन तट पडले होते. आता त्या भांडणाला शिट्टीची फोडणी बसली.

एमेट क्रॅन्डल हे सगळं स्वयंपाकघरात बसून ऐकत होता. आयुष्यभर त्याने मोठ्या लीगमध्ये पंच म्हणून उभं राहून शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आता निवृत्त होऊन गुडघे शेकत होता. त्याची बायको बर्निस रेडिओला उत्तरं देत होती. "चोर म्हणे. तुझा बाप चोर," असं तिने एका श्रोत्याला सुनावलं, तेवढ्यात फोन वाजला.

फोन क्लबच्या मालकीणबाईंचा होता. मार्गुरीट शॅफर. नवऱ्याच्या मागे क्लब त्यांनी एकटीने चालवला होता.

"एमेट, सोमवारी पत्रकार येणार आहेत. राउलिनला ठेवतेय की नाही ते मला त्यांना सांगायचंय. त्याआधी मला खरं काय ते शोधून दे."

"लीगची माणसं चौकशी करतीलच की."

"ती येणार नव्या वर्षात. तोवर दुसरा क्लब त्याला उचलून नेईल नाहीतर कुणीच घेणार नाही. त्याचा जन्म वाया जाईल."

"पण मीच का, मिसेस शॅफर?"

"माझ्या क्लबात तुझ्यावर प्रेम करणारा एकही माणूस नाही," त्या म्हणाल्या. "आणि हो, ही क्लिप बाहेरच्याची नाही. नीट ऐक, म्हणजे कळेल."

एमेटने क्लिप पुन्हा लावली. या वेळी डोळे मिटून ऐकली. प्रेक्षकांचा कल्लोळ होता, शिट्टी होती, बॅटचा ठोका होता. समालोचक मात्र कुठेच बोलत नव्हते.

टीव्हीवरून उचललेली क्लिप असती तर त्यांची बडबड आली असती, आणि इतकी बारीक शिट्टी तिच्यात बुडून गेली असती. ही क्लबच्या स्वतःच्या चित्रफितींच्या साठ्यातली होती. म्हणजे जो कोणी होता, तो घरातलाच होता.

२

साठ्याला हात लावू शकणारी माणसं बरीच असली, तरी राउलिनच्या जाण्या-राहण्याने ज्यांना फरक पडत होता अशी तीनच. एमेट आधी भेटला जनरल मॅनेजर प्रेस्टन हाइटला.

प्रेस्टन चाळिशीही न गाठलेला, सडपातळ, नेटका माणूस. बेसबॉल तो कधी खेळला नव्हता. गणितात मोठी पदवी घेऊन आला आणि आकड्यांच्या जोरावर एका गाळातल्या क्लबला त्याने वर काढलं होतं. त्याच्या खोलीत ना चेंडू, ना बॅट. दोन पडदे आणि कुंडीतलं एक रोप.

"बसा, मिस्टर क्रॅन्डल. कॉफी?"

"नको. राउलिनबद्दल तुमचं काय मत?"

"माणूस म्हणून की करार म्हणून?" प्रेस्टन म्हणाला. "माणूस म्हणून मला तो आवडतो. करार म्हणाल तर तो एकतीस वर्षांचा आहे. या वयानंतर शॉर्टस्टॉपचे पाय जातात. दहा वर्षांचा करार म्हणजे शेवटची पाच-सहा वर्षं आपण त्याच्या आठवणींचा पगार देणार. हे मी बाईंना किती वेळा सांगितलं. त्या म्हणतात, पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालतात."

"घालतातच."

"घालतात. पण शर्ट धावत नाहीत ना."

एमेटला हसू आलं. माणूस खोटं बोलत नव्हता. "आणि क्लिप?"

"वाईट झालं. पण शंकेला जागा नाही. मी एकेक चेंडू तपासून पाहिला. जिथे वळणारा चेंडू, तिथे शिट्टी. एकही चूक नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "शिट्टी मारणारा कोण, ते शोधायचं तर फलंदाजीच्या प्रशिक्षकाकडे बघा. डगआउटमध्ये राउलिनला टॉवेल हलवून दाखवणारा माणूस एकच आहे."

"टॉवेल?"

"तुम्ही इतकी वर्षं पंच होतात. तुमच्या नजरेला आलं नाही?"

नव्हतं आलं. एमेट उठला तो ती टोचणी घेऊनच.

३

स्टेडियमच्या पोटात, सरावाच्या जाळीत फलंदाजीचा प्रशिक्षक डग मॅकिव्हर एकटाच चेंडू गोळा करत होता. जुना कॅचर, वाकड्या बोटांचा, पिंपासारखा माणूस. पंच आणि कॅचर म्हणून ते दोघं उन्हातान्हात एकमेकांच्या इतके जवळ बसले होते की एकमेकांच्या घामाचा वासही त्यांना पाठ होता.

"ये आंधळ्या," डग म्हणाला. "काठी कुठे विसरलास?"

"तुझ्या डोक्यात घालायला ठेवलीय. डग, शिट्टी कोणी मारली?"

"मी नाही."

"टॉवेल कोण हलवतं?"

डगच्या हातातला चेंडू बादलीत न पडता बाहेर पडला. तो वाकून उचलायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

"सवय आहे."

"कसली सवय? क्लबच्या फिती पाहून आलोय मी. राउलिन क्षेत्ररक्षणाला उभा असला की तू डगआउटच्या कठड्याशी येतोस आणि टॉवेल हलवतोस. बाकी कुणासाठी नाही. फक्त त्याच्यासाठी."

"क्षेत्ररक्षणाला ना? मग त्यात खूण चोरायचा काय संबंध? फलंदाजी करताना दाखवला असता तर गोष्ट वेगळी."

"तेच विचारतोय. मग दाखवतोस कशाला?"

"एमेट," डग हळू आवाजात म्हणाला, "तू भला माणूस आहेस. पण हे मला विचारू नकोस. लीगने विचारलं तरी सांगणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर."

आणि बादली उचलून तो निघून गेला. निर्दोष माणूस असा पाठ फिरवून जात नाही, हे एमेटला माहीत होतं. पण डगच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी काळजी होती.

तिसरा कोल ब्रॅनिगन. बावीस वर्षांचा, उमदा, राउलिनच्या जागेवर डोळा ठेवून बाकावर बसलेला राखीव शॉर्टस्टॉप. तो एमेटला गल्लीतल्या एका खानावळीत भेटला. मीठ लावलेल्या पावातलं गोमांस त्याच्यासमोर तसंच पडलं होतं.

"सर, लोक म्हणतात मीच केलं. आई फोन करून रडली."

"तुला त्याची जागा हवीय ना?"

"हवीय. कुणाला नको असेल? पण अशी नको. लोक म्हणतील, पोराला मेलेल्याचे कपडे मिळाले." त्याने ताट बाजूला सरकवलं. "खरं सांगू? मला राउलिन फारसा आवडत नाही. मोठा माणूस आहे, भाव खातो. मागून हाक मारली तरी वळून बघत नाही. समोर गेलं की मग एकदम गोड. पण मला पाय कसे टाकायचे ते त्यानेच शिकवलं. तासन्‌तास."

"मागून हाक मारली तर वळत नाही?"

"कधीच नाही. आम्ही कंटाळून सोडून दिलं."

एमेटने खिशातून हातमोजे काढले आणि ते घालता घालता थांबला. आता राउलिनकडे जायला हवं होतं, आणि का कोण जाणे, त्याला जायची भीती वाटत होती.

४

राउलिनचं घर सरोवराच्या काठाला होतं. बायको यानेलिस दोन्ही मुलींना घेऊन माहेरी, सांतो डोमिंगोला गेली होती. तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. त्यामुळे एवढ्या मोठ्या घरात तो एकटाच होता आणि त्याने शनिवारच्या दुपारी एका पातेल्यात कोंबडी, मका, कंद असं सगळं घालून दाट रस्सा शिजत ठेवला होता.

"या, डॉन एमेट," तो म्हणाला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना आदराने डॉन म्हणायची रीत होती. "जेवायचं हं. नाही म्हणू नका, एकट्याला जात नाही."

एमेट जेवायला बसला. रस्सा उत्तम होता. राउलिन त्याच्या तोंडाकडे बघत बोलत होता, मन लावून, जणू प्रत्येक शब्द डोळ्यांनी टिपत होता.

"माझ्याकडे बघून सांग. कुणी तुला शिट्टी मारून चेंडू कळवायचं का?"

"नाही. आईची शपथ. पिचरच्या मनगटाकडे बघतो मी. चेंडू सोडताना ते कसं वळतं, त्यावरून कळतं. बस, एवढंच. लहानपणापासून डोळ्यांनीच खेळतो." त्याने चमचा खाली ठेवला. "पण मी सांगून कोण ऐकणार? काल दुकानात एका बाईने माझ्या मुलीच्या मैत्रिणीला माझ्यापासून लांब ओढलं. माझ्या मुली इथेच जन्मल्या, डॉन एमेट. त्यांना दुसरं गाव माहीत नाही."

छताला लावलेल्या धुराच्या अलार्मने तेवढ्यात 'ची' केलं. बॅटरी संपत आली की हे अलार्म असेच अधूनमधून ओरडतात आणि माणसाला जीव नकोसा करतात. एमेट आल्यापासून तो ओरडत होता. सुरुवातीला एमेटने दुर्लक्ष केलं. मग त्याचे दात आंबले. आता प्रत्येक वेळी मानेवर कुणी सुई टोचतंय असं व्हायला लागलं.

"या आवाजाने तुझं डोकं दुखत नाही?" न राहवून त्याने विचारलं.

"कुठल्या आवाजाने?" राउलिन म्हणाला.

अलार्म पुन्हा ओरडला. राउलिन हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत राहिला, पुढच्या वाक्याची वाट बघत.

एमेट उठून खिडकीशी गेला. बाहेर सरोवर पांढरं पडलं होतं. राउलिनकडे पाठ करून त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि सगळी ताकद लावून शिट्टी मारली. शेजारच्या आवारातलं कुत्रं भुंकायला लागलं.

तो वळला. राउलिन शांतपणे त्याच्या वाडग्यात आणखी रस्सा वाढत होता.

५

"किती दिवसांपासून?" एमेटने समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

राउलिनच्या हातातला डाव थांबला. काय झालं ते त्याच्या लक्षात यायला एक क्षण लागला आणि मग त्याचा चेहरा असा उतरला की एमेटला स्वतःचाच राग आला.

"लहान होतो," तो म्हणाला. "खूप ताप आला. गावच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, जीव वाचला, पण कान गेले. सगळे नाही. जाड आवाज येतात. तुमच्यासारख्या पुरुषाचा समोरून बोललेला आवाज येतो. बारीक आवाज नाहीत. शिट्टी, घंटी, पक्षी, काही नाही. माझ्या मुली काय बोलतात ते मला त्यांच्या ओठांवरून कळतं."

"आणि डगला माहीत आहे."

"त्याला पहिल्याच वर्षी कळलं. चेंडू उंच उडाला की मैदानातले खेळाडू ओरडून एकमेकांना सांगतात ना, माझा, माझा म्हणून. मला ऐकू यायचं नाही. एकदा धडकलो. तेव्हापासून तो टॉवेल हलवतो."

एमेट मटकन खुर्चीत बसला. मनावरचं एक ओझं खाली आलं होतं. ज्याला शिट्टी ऐकूच येत नाही त्याला शिट्टीने काय कळवणार? माणूस निर्दोष होता, आणि ते सिद्ध करायला कानाच्या डॉक्टरचा एक कागद पुरेसा होता.

"चल उद्या बाईंकडे," तो म्हणाला. "हे सांगितलं की संपलं."

"हो. मीच संपलो." राउलिनने मान हलवली. "हाइटसाहेबांना नेमकं हेच हवंय. एकतीस वर्षांचा आणि वर बहिरा. कोण दहा वर्षं देईल? कोण एक तरी वर्ष देईल? चोर म्हणून हाकला किंवा बहिरा म्हणून हाकला, माझ्या मुलींना काय फरक पडतो? डॉन एमेट, मी पाया पडतो. हे कुणाला सांगू नका."

एमेटने आयुष्यात हजारो निर्णय क्षणात दिले होते. हा देताना त्याला बराच वेळ लागला.

"नाही सांगणार," तो शेवटी म्हणाला. "पण मग मला दुसरा पुरावा शोधावा लागेल. आणि तो असेलच असं नाही."

निघण्याआधी खुर्चीवर चढून त्याने अलार्मची बॅटरी काढून टाकली.

६

रविवारी सकाळी तो पुन्हा ती क्लिप घेऊन बसला. बर्निस चर्चला गेली होती, घर शांत होतं.

आता त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी शिट्टी मारणाऱ्याला ठाऊक नव्हती. राउलिनला ऐकू येत नाही हे माहीत असलेला माणूस शिट्टीचा आरोप रचणारच नाही. म्हणजे डग सुटला. पण हे बोलता येत नव्हतं. जे बोलता येईल ते या क्लिपमध्येच सापडायला हवं होतं.

प्रेस्टनचं वाक्य त्याच्या डोक्यात घोळत होतं. एकही चूक नाही. खुणा चोरणारे त्याने जन्मभर पाहिले होते. चांगले चांगले अधूनमधून गंडायचेच. खूण बदलते, कॅमेरा हलतो, चोराची नजर चुकते. इतका बिनचूक चोर त्याने कधी पाहिला नव्हता.

सगळं गाव राउलिनकडे बघत होतं. शिट्टी झाली की त्याच्याकडे, ठोका बसला की उडणाऱ्या चेंडूकडे. एमेटने जुन्या सवयीने कॅचरच्या खांद्यांकडे बघायचं ठरवलं. जन्म गेला होता त्याचा त्या खांद्यांमागे वाकून उभं राहण्यात.

ओमाहाविरुद्धची मॅच. शिट्टी. पिचर हात फिरवतो. आणि ओमाहाचा कॅचर चामडी मोजा घातलेला पंजा छातीपाशी, उंच धरून बसलेला. वळणाऱ्या चेंडूसाठी कॅचर पंजा खाली, जमिनीजवळ नेतो. हा वेगवान चेंडूची वाट बघत होता. चेंडू वळत खाली आला तशी त्याची धांदल उडाली, पंजा कसाबसा खाली आपटला, एक गुडघा घसरला. पण मध्येच राउलिनची बॅट आली, चेंडू गगनात गेला आणि कॅचरकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

एमेटने तो तुकडा चार-सहा वेळा पाहिला. मग ओमाहाच्या कॅचरला, नेट यिबाराला, फोन लावला.

"कोण? क्रॅन्डल?" यिबारा म्हणाला. "मी काय पाप केलं?"

"बफेलोतली ऑगस्टची मॅच आठवते? राउलिनने होम रन मारला तो चेंडू. तू काय मागितलं होतंस?"

पलीकडून असा उसासा आला की फोन तापला असता. "आठवतो म्हणजे काय. वेगवान मागितला होता. एक बोट. आणि आमच्या त्या शहाण्या पिचरने वळणारा टाकला. म्हणे मला दोन बोटं दिसली. डगआउटमध्ये आमची गचांडी धरायची वेळ आली होती. होम रन त्याने दिला आणि बोलणी मी खाल्ली."

"हे लीगसमोर सांगशील?"

"छतावर चढून सांगेन."

एमेटने फोन ठेवला. त्याने मिसेस शॅफरना कळवलं: दुपारी तिघांनाही बोलवा. आणि राउलिनला शेजारच्या खोलीत बसवा.

७

बाईंच्या घरी शेकोटी पेटलेली होती. प्रेस्टन सरळ बसला होता, डग जमिनीकडे बघत होता, कोल नखं खात होता. एमेटने टीव्हीवर तो एकच चेंडू लावला.

"राउलिनला विसरा," तो म्हणाला. "कॅचरकडे बघा आणि सांगा, त्याने कुठला चेंडू मागितला होता. कोल, तू आधी."

कोलने पाहिलं. त्याच्या तोंडातून हसू निसटलं. "वेगवान. बिचारा. काहीतरी भलतंच आलं."

"डग?"

"वेगवान," डग म्हणाला. "पिचरने गोंधळ घातला. मी असतो तर त्याचा कान पिळला असता." आणि मग तो एकदम ताठ बसला. "एक मिनिट. मग शिट्टी कशी झाली?"

"मिस्टर हाइट?"

प्रेस्टनने पडद्याकडे नव्हे, एमेटकडे पाहिलं. "वळणारा. नोंदीत वळणाराच आहे."

"नोंदीत आहेच. कारण टाकला तोच गेला. पण मागितला होता वेगवान." एमेट सावकाश बोलत होता, जणू नव्या पंचाला नियम समजावतोय. "मिसेस शॅफर, खुणा चोरणाऱ्याला काय कळतं? कॅचरने काय मागितलं ते. पिचर काय चूक करणार आहे, ते देवालाही आधी कळत नाही. इथे खूण वेगवानची होती. खरा चोर गप्प बसला असता. तरी शिट्टी झाली. म्हणजे शिट्टी मारणाऱ्याने खूण पाहिलीच नव्हती. त्याला माहीत होता तो चेंडू, जो नंतर आला. हे कळणारा माणूस मैदानात असूच शकत नाही. तो मॅच संपल्यावर, पुढ्यात नोंदी घेऊन बसलेला असतो. ही शिट्टी मैदानात कधी वाजलीच नाही. ती नंतर घातली."

"आणि घातली कोणी?" बाई म्हणाल्या.

"या दोघांनी घातली असती तर हा चेंडू निवडलाच नसता. दोघांनाही कॅचरची फजिती एका नजरेत दिसली. शॉर्टस्टॉप तर प्रत्येक चेंडूला कॅचरची बोटं बघतो. हा चेंडू निवडला तो अशा माणसाने, जो चेंडूचं काय झालं ते बघतो, खेळाडू काय करतायत ते बघत नाही." एमेट प्रेस्टनकडे वळला. "साठ्यातून या फिती कोणी काढल्या ते क्लबची यंत्रणा सांगेल. मी अजून विचारलेलं नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

प्रेस्टनने चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

"मी तुम्हाला तीन महिने सांगत होतो," तो बाईंना म्हणाला. आवाजात माज नव्हता, थकवा होता. "हा करार क्लबला बुडवेल. तुम्ही ऐकत नव्हता. मला वाटलं होतं, नुसती कुजबुज होईल, तुमचं मन बदलेल, तो दुसरीकडे जाईल. इतकं पेटेल असं वाटलं नव्हतं."

"तू त्याला चोर ठरवलंस," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुझे आकडे कदाचित बरोबरही असतील, प्रेस्टन. त्याचे पाय जातील, मी पैसे घालवून बसेन. ते माझं नुकसान, मी सोसलं असतं. तू त्याचं नाव घालवायला निघालास." त्या उठल्या. "उद्या पत्रकारांसमोर तू स्वतः सांगशील. मग टेबल रिकामं कर."

प्रेस्टन गेला. दार लावतानाही त्याने ते हळूच, नेटकेपणाने लावलं.

कोलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी आईला फोन करू का?" त्याने विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत बाहेर धावला.

८

राउलिनला आत बोलावलं. एमेटने त्याला समोर उभं राहून सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत आधी अविश्वास आला, मग पाणी. कानाचा विषय एमेटने काढला नव्हता आणि राउलिनच्या ते लक्षात आलं. त्याने एमेटचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाईंनी टेबलावरचे कराराचे कागद पुढे सरकवले. "दहा वर्षं. जसं ठरलं होतं तसं. घे, सही कर आणि मला मोकळं कर."

राउलिनने पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"त्याआधी एक सांगायचंय."

"नको," डग पुटपुटला. एमेटनेही नकळत मान हलवली. आता गरजच उरली नव्हती. माणूस सुटला होता.

"नाही डग. त्या माणसाने लपवून केलं म्हणून तो गेला. मीही लपवून सही करू का?" आणि राउलिनने बाईंना सगळं सांगितलं. ताप, इंजेक्शनं, ओठ वाचणं, सगळं. पेन टेबलावर पडून होतं.

बाई खिडकीकडे बघत होत्या. मग त्यांना आठवलं आणि त्या त्याच्याकडे तोंड करून बसल्या.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या मैदानावर लोक तुझ्या नावाने शिट्ट्या मारतात, त्या तुला कधी ऐकूच आल्या नाहीत?"

"नाही, मॅडम. पण ते उभे राहतात ते दिसतं."

मार्गुरीट शॅफरने रुमाल काढून नाक शिंकरलं. "डॉक्टरांना दाखवू. कानाला यंत्र लागलं तर लावू, नाही लागलं तर नाही. बाकीच्या खेळाडूंना तू स्वतः सांग, म्हणजे ते तुझ्याशी समोर येऊन बोलतील. आणि हे ऐकून तुझी किंमत कमी करायची तर मला आधी सांगावं लागेल की कानाने खेळला असतास तर आणखी काय केलं असतंस. मला तरी सुचत नाही. सही कर."

डग मॅकिव्हर भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली सरकत गालिच्यावर बसला. हसत होता की रडत होता ते एमेटला कळेना. त्याने डगच्या टकलावर एक टपली मारली आणि स्वतःही शेजारी बसला. गुडघे कुरकुरले, पण या घडीला त्याला ते चाललं.

सही झाली. बाईंनी कॉफी मागवली. नोकरमाणसं, करारासाठी आलेला वकील, बाहेरून परत आलेला कोल असे सगळे खोलीत जमले आणि एकच गलका झाला. त्या गलक्यात राउलिनचा फोन थरथरला. सांतो डोमिंगोहून यानेलिस. तिच्या मागे दोन छोटी डोकी दिसत होती, आणि तिघीही एकाच वेळी बोलत होत्या.

एरवी अशा वेळी तो हसून मान डोलवायचा आणि कोपरा गाठायचा. आज तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "एकेक करून बोला गं, आणि फोनकडे तोंड करून. मला ऐकू येत नाही."